मधुकरभाऊ खुर्ची उलटी करतात

मधुकरभाऊ कुठेही गेले तरी आधी खुर्ची उलटी करतात आणि मग बसतात. लग्नाच्या मांडवात, बँकेत, डॉक्टरकडे. एकदा तर मयताच्या घरी. लोखंडी खुर्ची दिसली की उचलायची, तिचे पाय आभाळाकडे करायचे, चष्मा कपाळावर सरकवून सांधे बघायचे आणि निकाल द्यायचा, "नापास." मग त्याच नापास खुर्चीवर बसून निवांत चहा प्यायचा. यजमानाचं तोंड तेवढ्यापुरतं बघण्यासारखं होतं.

भाऊ आमच्या चंद्रपूरच्या छोट्या कारखानदारांच्या संघटनेचे सचिव. मी तिथला साधा सभासद, राइस मिलचे सुटे भाग बनवतो. त्यांचं वर्कशॉप माझ्या शेजारीच, त्यामुळे माझ्या सगळ्या खुर्च्या केव्हाच नापास झालेल्या आहेत. खरं सांगायचं तर आमची संघटना म्हणजे वीज, रस्ता आणि धूळ यांबद्दल एकत्र बसून रडण्याची सोय. भाऊंनी मात्र संघटनेच्या शेडमध्ये वेल्डिंगचा वर्ग काढला. जिवतीच्या डोंगरातली मुलं-मुली तिथे राहून शिकतात आणि त्यांचा खर्च आम्ही करतो. कुरकुरत करतो, पण करतो.

"आपन शिकवून राह्यलो अन् पुण्यावाले नेऊन राह्यले," हे आमच्या अध्यक्षांचं पेटंट वाक्य. यावर भाऊ चष्मा पुसायला घेतात. कारण पहिल्या बॅचमधून सगळ्यात आधी पुण्याकडे गेला तो त्यांचाच मुलगा, नितीन.

यंदा अध्यक्षांनी अटच घातली. सगळी बॅच परीक्षेला बसून पास झाली तर वर्ग चालू, नाहीतर शेड गोदामाला द्यायचं. तारीखही त्यांनीच काढली. परीक्षेच्या दिवशी सिमेंट कारखान्यातले एक साहेब परीक्षक म्हणून आले, टेबलावर चादर अंथरली, नारळ आला. फक्त परीक्षार्थी आले नाहीत. एकही नाही.

"कुठी गेले सारे?" अध्यक्ष तडकले.

"मोहाची फुलं पडून राह्यली जी," भाऊ म्हणाले. "घरचे सारे पहाटेपासून झाडाखाली असतेत. मीच पाठवलं पोट्ट्याइले."

"परीक्षा सोडून? काऊन?"

"हंगामाले पोट्टं घरी पायजे."

आम्ही सगळे कपाळाला हात लावून बसलो. तारीख काढताना मोहाचा हंगाम कोणाच्या डोक्यातच आला नव्हता. अध्यक्ष म्हणाले, मग वर्ग बंद. भाऊ तितक्याच शांतपणे म्हणाले, "परीक्षा होते ना. इथी नाई होत, तिथी होते."

दुसऱ्या दिवशी वेल्डिंग मशीन, जनरेटर, परीक्षक साहेब आणि मी असे सगळे टेम्पोत लादले गेलो. मी गेलो, कारण टेम्पो माझा होता. डोंगरात मुलांच्या गावी पोचलो तेव्हा मोह वेचून झाला होता, अंगणाअंगणांत फुलं वाळत होती आणि साऱ्या गावाला त्यांचा गोड, जड वास होता. बॅच टोपल्या ठेवून तशीच आली. तेव्हा कळलं की परीक्षेसाठी कापून ठेवलेल्या लोखंडाच्या पट्ट्या आम्ही शेडमध्येच विसरलो होतो.

भाऊंनी गावात हाक दिली. कोणी सायकलचं मोडकं स्टँड आणलं, कोणी पाण्याच्या टाकीचं स्टूल, शाळेतून खिळखिळे बाक आले. ज्याच्या वाट्याला जे आलं ते त्यानं जोडायचं. ठिणग्या उडू लागल्या, गाव भोवती जमलं आणि भाऊ एकेक वस्तू उलटी करत फिरू लागले. "नापास. घास अन् पुन्यांदा कर." परीक्षक साहेबांना बिचाऱ्यांना सही करण्यापलीकडे कामच उरलं नाही. सरिता नावाच्या मुलीचा बाक काही केल्या पास होईना. शेवटी ती वैतागून म्हणाली, "भाऊ, तुमी सोता बसून पाहा ना." भाऊ बसले, हलून पाहिलं. बाक हूं की चूं करीना. "पास," ते म्हणाले. दिवस मावळायच्या आत सगळी बॅच पास झाली आणि वर्ग वाचला.

परतल्यावर भाऊंना घरी सोडायला गेलो. इतक्या वर्षांच्या शेजारात त्यांच्या घरात पाऊल ठेवायची ती पहिलीच वेळ. वहिनी जाऊन बरीच वर्षं झाली. खोलीत दोन लोखंडी खुर्च्या. दिवसभराच्या संगतीनं मलाही खोड लागली होती; मी समोरची खुर्ची उलटी केली. सांध्यावर लोखंडाचे नुसते गोळे, एक पाय आखूड.

"भाऊ, हे तर ठार नापास आहे."

त्यांनी ती माझ्या हातून अलगद घेतली, सरळ ठेवली आणि आखूड पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली. घडी झिजून मऊ झालेली होती.

"नितीननं पैल्यांदा बनवली ते."

"मंग नीट काऊन नाई केली?"

"तो आला का त्याच्याच हातानं करून घेतो." मला चांगल्या खुर्चीवर बसवून ते त्या खुर्चीवर बसले. "सुट्टी नाई भेटत जी त्याले. मोठी कंपनी हाय."

त्यांनी केलेला चहा घेऊन मी निघालो.

पुढच्या बैठकीत, वर्गाला मोहाच्या हंगामात सुट्टी असावी, असा ठराव मी मांडला. अध्यक्षांनी विचारलं, "काऊन?"

"हंगामाले पोट्टं घरी पायजे," मी म्हणालो.

भाऊंनी शेजारची रिकामी खुर्ची उचलली, उलटी केली आणि चष्मा कपाळावर न सरकवताच बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले.