दोन सीट, एक्केचाळीस आकडे

दिनांक २२ मार्च, रविवार. रक्कम दोन लाख चाळीस हजार. हजर : गाडीचे मालक पळसुले, गाडी घ्यायला आलेले शाहपुऱ्याचे दातांचे डॉक्टर श्रीवास्तव आणि साक्षीदार म्हणून मी.

ही नोंद पळसुल्यांच्या वहीतली आहे, अक्षर माझं आहे. ही एक्केचाळिसावी. हिच्या वरच्या चाळीसही अशाच आहेत : तारीख, रक्कम, हजर. फक्त त्या सगळ्यांच्या शेवटच्या रकान्यात एकच शब्द आहे, 'नकार'. गाडी विकायची म्हणून दर रविवारी पेपरात जाहिरात द्यायची आणि आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला पोहे खाऊ घालून नाही म्हणायचं, असं करणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

टाउनशिपमध्ये आमचं आणि पळसुल्यांचं क्वार्टर शेजारी शेजारी. कारखान्यात ते ट्रान्सफॉर्मरच्या तपासणी विभागात, मी हिशेब खात्यात. तपासणीतला कुठलाही आकडा दोघांनी बघून सही केल्याशिवाय खरा धरत नाहीत. पळसुल्यांनी हा नियम घरी आणला होता. "दोन सह्यांशिवाय आकडा म्हणजे अफवा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा मला एकशे दोन ताप आहे असं मी कुंपणावरून सांगितलं, तर त्यांनी आमच्या हिला बाहेर बोलावून विचारलं, "तुम्ही पाहिलाय का थर्मामीटर?"

गाडी लाल, बसकी, परदेशी बनावटीची स्पोर्ट्स कार. कारखाना उभारायला आलेल्या कुणा परदेशी इंजिनिअरने ती इथेच सोडली. मधे दोन मालक झाले, आणि सतरा वर्षांपूर्वी पळसुल्यांनी ती अठरा हजारांना घेतली. तिला सीट दोन, घरात माणसं तीन. मुग्धा, त्यांची मुलगी, आईच्या मांडीवर बसायची. मुग्धा मोठी झाल्यावर वहिनी म्हणायच्या, "आमच्याकडे सहलीला निघालं की एकानं घर राखायचं असतं." पुढे मुग्धा लग्न होऊन पुण्याला गेली. वहिनी गेल्या त्याला आता आठ वर्षं झाली.

अलीकडे गाडी चालायची ती फक्त रविवारी, क्वार्टरपासून गल्लीच्या टोकाच्या गुलमोहरापर्यंत आणि परत. अंतर मी पावलांनी मोजलं आहे, जाऊन-येऊन एकशे साठ मीटर. याहून जास्त चालवली की किंमत उतरते, असं पळसुल्यांचं म्हणणं. मी माझी स्कूटर चार हजारांना विकली तेव्हा ते म्हणाले, "तुम्ही ती चालवलीत, तिथंच चुकलं. चालती गाडी उतरते, उभी गाडी चढते."

मी म्हटलं, माझा फ्रीज पंधरा वर्षं उभाच आहे, तो का चढत नाही?

"फ्रीजला दोन सीट आहेत का?" त्यांनी विचारलं.



त्यांचा मुख्य सिद्धांत याहून अवघड होता. कुणी पासष्ट हजार म्हणाला की ते पंचाहत्तर मागायचे. तो पंचाहत्तरला तयार झाला की त्यांचा चेहरा गंभीर व्हायचा. "हा इतक्या सहज देतोय, म्हणजे गाडी जास्तीची असणार. ज्या आकड्याला कुणी हो म्हणतं, तो आकडा कमीच असतो." मग वही निघायची, मला कुंपणावरून हाक यायची, आणि मी पंचाहत्तर हजारांच्या नकारावर साक्षीदार म्हणून सही करायचो. गिऱ्हाईक पोहे संपवून, हात धुऊन, गोंधळलेल्या चेहऱ्याने निघून जायचं. पळसुले खुशीत म्हणायचे, "आज दहा हजारांनी चढली."

हिशेबाचा माणूस म्हणून मला हे झोपू देईना. गाडीची किंमत खरंच चढते आहे का, हे मी एका सुट्टीत कागदावर मांडलं. अठरा हजार बँकेत दहा टक्क्यांनी ठेवले असते तर सतरा वर्षांत एक्क्याण्णव हजार झाले असते. गाडीचे येत होते दोन लाखांच्या वर. म्हणजे गाडी जिंकली. मग मी खर्च धरला : इंदूरहून आणवलेले टायर, दोनदा रंग, कारब्युरेटर, सुटे भाग, आणि जाहिराती, ज्यांच्यावरच गाडीच्या मूळ किमतीइतका पैसा गेला होता. एकूण एक लाख बत्तीस हजार. उरलं ते बँकेपेक्षा थोडंसंच जास्त. मग आठवलं की पोहे धरलेच नाहीत. पोहे धरले तर बँक जिंकत होती. शिवाय गाडी विकलेलीच नव्हती, म्हणजे मिळकतीची बाजू सगळी कोरी. मी कागद पळसुल्यांना दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "छान आहे. पण सही एकच आहे."

या मार्चअखेर पळसुले निवृत्त होणार होते. क्वार्टर महिन्याच्या आत रिकामं करायचं होतं. त्यांनी अवधपुरीत फ्लॅट घेतला होता, दुसऱ्या मजल्यावर, आणि बिल्डिंगखाली स्कूटर लावायलाही भांडणं होत होती. मुग्धाचे पुण्याहून फोनवर फोन. बाबा, ती गाडी काढा. गाडी काढायला तर हवीच होती. पळसुले त्या महिन्यात बारीक झाले. मार्चच्या पहिल्या दोन रविवारी दोघंजण चांगल्या आकड्याला आले, तरी वहीत नकारच पडला. मी न राहवून म्हटलं, आता रस्त्यावर ठेवणार का? ते म्हणाले, "बघू. अजून चढतेय."

मग बावीस तारखेला डॉक्टर श्रीवास्तव आले. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटसुद्धा उघडलं नाही, आणि खिशातून पाकीट काढलं. "भाई साहब, दो चालीस. कैश है."

पळसुल्यांनी सवयीने दोन पन्नास म्हणायला तोंड उघडलं, आणि मिटलं. उघड्या दारातून खोलीतल्या बांधलेल्या खोक्यांकडे एकदा बघितलं. मग मला म्हणाले, "लिहा, जोगळेकर." मी तारीख लिहिली, रक्कम लिहिली, हजर लिहिलं. शेवटच्या रकान्यापाशी थांबलो. ते म्हणाले, "दिली, असं लिहा."

सगळं मिळून वीस मिनिटांत आटोपलं. पोहे झाकूनच राहिले. पळसुले डॉक्टरांच्या मागे मागे फाटकापर्यंत गेले. "चाय तो लीजिए, डॉक्टर साहब. दस मिनट."

"अगली बार पक्का," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी गाडी सुरू केली.

लाल गाडी गुलमोहरापर्यंत गेली, आणि पहिल्यांदाच वळली नाही. गल्लीतली सगळी माणसं फाटकात उभी होती. आवाज बंद झाल्यावर पळसुले माझ्याकडे वळून म्हणाले, "अगली बार म्हणाले. अगली बार कशाला येतील?"

पाच एप्रिलला, रविवारी, मी अवधपुरीला त्यांच्याकडे गेलो. आमच्या हिने लिंबाचं लोणचं दिलं होतं. घर नीट लागलं होतं. टेबलावर सहा कप पालथे मांडलेले, पोह्यांची कढई तयार. कुणी येणार आहे का, असं विचारलं, तर म्हणाले, "जाहिरात नाही, तर कोण येणार?" आणि चहा टाकायला आत गेले. वही तिथेच पडली होती.

आकड्यांची वही समोर असली की मी पहिल्या पानापासून तपासतो, ती सवय आहे. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस नोंदी रविवारच्या, सगळ्या अकरा ते एकमधल्या. रकमा जुळत होत्या. तारखा मीच लिहिल्या होत्या, तरी पहिल्या तारखेपाशी मी अडलो. गाडी सतरा वर्षांपूर्वीची, आणि वहीतली पहिली नोंद आठ वर्षांपूर्वीची, वहिनी गेल्या त्यानंतर तीन महिन्यांनी. त्याआधीच्या नऊ वर्षांत त्यांनी गाडी एकदाही विकायला काढली नव्हती.

माझा तो कागद मला आठवला. पोहे मी खर्चात धरले होते.

पळसुले चहा घेऊन आले. वही मिटलेली बघून त्यांनी मला एक चिठ्ठी दिली. "तुम्ही बँकेच्या कामाला शहरात जाता रोज. पेपरच्या जाहिरातीच्या खिडकीवर एवढी देऊन टाका." त्यांच्या तपासणीतल्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं : पुरानी स्पोर्ट्स कार, लाल, दो सीट. रविवार सुबह ग्यारह बजे आइए. खाली फ्लॅटचा पत्ता.

मी म्हटलं, "अहो, गाडी विकली आपण."

"बिकाऊ है असं कुठं लिहिलंय?"

"मग आलेल्या माणसाला दाखवणार काय?"

त्यांनी वहीवर हात ठेवला. "एक्केचाळीस आकडे आहेत. दोन दोन सह्यांचे." मग म्हणाले, "फार खोटं वाटतंय का हो?"

मला खरंच कळेना. विकलेल्या गाडीची जाहिरात देणं बरोबर नाही, हे मला कळत होतं. कढईकडे बघितल्यावर काय बरोबर, ते कळत नव्हतं. मी चिठ्ठी खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी खिडकीवरच्या बाईंनी चिठ्ठी वाचली आणि किती रविवार म्हणून विचारलं. चार, मी म्हटलं. पंचेचाळीसप्रमाणे एकशे ऐंशी. त्यांनी पावती दिली.

बारा तारखेला मी अकराला पोचलो, तेव्हा सीहोरचे एक निवृत्त मास्तर आधीच बसले होते आणि पळसुले त्यांना पासष्ट हजारांचा किस्सा सांगत होते. मी पावती पुढे केली. पळसुल्यांनी चष्मा लावून ती वाचली, मास्तरांना दाखवली, आणि एकशे ऐंशी रुपये मोजून माझ्यापुढे धरले.

मी पैशांना हात न लावता वही ओढली. दिनांक १२ एप्रिल, रविवार. रक्कम एकशे ऐंशी, पेपरच्या खिडकीवर भरली. हजर : पळसुले, सीहोरचे मास्तर आणि मी. शेवटच्या रकान्यात मी 'नकार' लिहिलं, सही केली आणि वही दुसऱ्या सहीसाठी त्यांच्याकडे सरकवली.