चोवीस पानगळींचा रोल

फोटोग्राफीतलं मला कुणी शिकवू नये! एका ऑनलाइन दुकानासाठी मी डिजिटल कॅमेऱ्याने रोज साठ बुटांचे फोटो काढतो. जो बूट कुणी फुकटही नेणार नाही, तोसुद्धा माझ्या फोटोत नवरदेवासारखा दिसतो. त्यामुळे ताईने डोंगराचा फोटो काढायला बोलावलं, तेव्हा मी म्हणालो, "डोंगर? अगं, तो तर हलतसुद्धा नाही! डाव्या हातचा मळ!"

ताई हसली नाही. भाऊजींना जाऊन तेव्हा सात महिने झाले होते.

भाऊजींचा एक हट्ट होता. लग्नाच्या वर्षी त्यांनी कॅमेऱ्यात चोवीस फोटोंचा रोल घातला आणि जाहीर केलं, दर पानगळीला, डोंगरासमोरच्या त्याच खडकापाशी, दोघांचा एकच फोटो! रोल संपला की मगच धुवायचा. तेवीस फोटो झाले, आणि माणूसच संपला. चोवीसावा ताईला एकटीने पुरा करायचा होता.

"रोल धुतला की तेवीस वेळा दिसतील मला ते," ताई म्हणाली. "तू फक्त बटण दाब. दुसरं काही करू नकोस."

"काळजी करू नकोस, मी आहे ना!"

हे वाक्य मी म्हटलं की आमच्या घरात काही ना काही फुटतं, असा आजवरचा इतिहास आहे.

चढाला मी स्टँड, दोन बॅगा आणि बुटांवर उजेड पाडायचा पांढरा थर्माकोल घेऊन निघालो. ताईच्या हातात पाण्याची बाटली. अर्ध्या वाटेत मी जीभ बाहेर काढून बसलो.

"भाऊजी एवढं चढायचे?"

"शिट्टी वाजवत!"

पाचच्या सुमारास ऊन तिरपं झालं आणि समोरचा डोंगर घासलेल्या तांब्याच्या भांड्यासारखा झळाळला. ताई खडकापाशी जाऊन उभी राहिली. मधोमध नाही, जरा डावीकडे. शेजारी एका माणसाची जागा सोडून! ते पाहिलं, आणि नेमकी तिथेच माझी अक्कल गहाण पडली. वाटलं, एवढ्या मायेचा फोटो, तर चौकट गेल्या वर्षीसारखी हुबेहूब हवी. गेल्या वर्षीचा फोटो बघून घेऊ!

कॅमेरा उलटा केला. मागे स्क्रीनच नाही! जुना कॅमेरा, झाकणाच्या आत असेल. बाजूचा खटका ओढला, झाकण उघडलं. आत नुसती चॉकलेटी पट्टी.

"ताई, याची स्क्रीन कुठं असते गं?"

ताईने वळून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"बंद कर," एवढंच म्हणाली.

मी बंद केलं, बटण दाबलं आणि वर "झकास!" म्हणून ओरडलोही. उतरताना ती मागे मागेच राहिली. मला वाटलं, दमली असेल.

चार दिवसांनी ताई आणि मी रोल धुणाऱ्या काकांकडे गेलो. काका चष्म्यावरून आमच्याकडे बघत गरजले, "भर उन्हात झाकण उघडलं कुणी? कोण तो शहाणा?"

आता कुठं मला कळलं, ते झाकण उघडायचं नव्हतं! मी हळूच ताईच्या मागे सरकलो.

"मी उघडलं," ताई म्हणाली.

काका एकदम नरमले. "अगदी आत गुंडाळलेले, सुरुवातीचे सहा वाचलेत, बाई. बाकी सगळे जळाले. शेवटचासुद्धा."

त्यांनी सहा फोटो काउंटरवर मांडले. सहाही फोटोंत तो सोनेरी डोंगर. पुढे ताई, कोवळी, पोट धरून हसणारी. आणि भाऊजी? सहाही फोटोंत भाऊजींची पाठ! टायमर लावून खडकाकडे धावत सुटलेले, एक पाय हवेत, शर्ट बाहेर. चेहरा एकातही नाही!

"दहा सेकंदांत पोचायचेच नाहीत रे!" ताई हसायला लागली. सात महिन्यांत पहिल्यांदा हसली. आणि हसता हसता तिला रडू फुटलं.

"मग... पोचले कधी?" मी घाबरत विचारलं.

"सातव्या वर्षी. माझ्या खांद्यावर हात पडला आणि खटका वाजला. काय खुलला होता चेहरा! तेवढाच एक बघायचा होता मला."

सहा वाचले होते. सातवा मी जाळला होता.

"ताई, माफ कर गं," म्हणत मी फोटो गोळा करायला हात पुढे केला.

"राहू दे," तिने डोळे पुसले. "पाकीट मी धरते. तू नुसता बरोबर चल."

चाललो. दोन्ही हात खिशात घालून!