पोर्टचे दोन घोट

रेणूला बघायला पाहुणे येणार म्हणून हेमलाबाईंनी रविवारी सकाळीच नवऱ्याला दोन गोष्टी बजावल्या. पहिली म्हणजे, लग्नानंतर पोरगी नोकरी सोडणार आहे असं पाहुण्यांना कळवलेलं आहे. दुसरी म्हणजे, हे रेणूला कळवलेलं नाही.

"मंग मी काय बोलू?" उदयसिंग राठोडांनी विचारलं.

"काईच नोका बोलू. हसा फक्त."

रेणू जनावरांची डॉक्टर. अडलेल्या म्हशीचं रेडकू ओढून काढण्यात तिचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता. पण आधीची दोन स्थळं या नोकरीपायीच मोडली होती, आणि तिसरं मोडू द्यायचं नाही असा हेमलाबाईंनी पणच केला होता.

उदयसिंग कामरगावच्या शाळेतले निवृत्त गणित मास्तर. गप्प राहणं त्यांना जड नव्हतं. अडचण वेगळीच होती. नशेचा थेंब पोटात गेला की हा माणूस खरं बोलत सुटायचा. खोकल्याच्या औषधाचे दोन चमचे घेतले तरी कान लाल व्हायचे. एकदा एका निरोप समारंभात कुणीतरी त्यांना अर्धा ग्लास बिअर पाजली, तेव्हा उठून त्यांनी हेडमास्तरांना सांगितलं होतं, "सर, आमी तुमच्या कविता ऐकतो कारण तुमी दाराले कडी लावता." त्या दिवसापासून हेमलाबाई खोकल्याचं औषधही कुलपात ठेवत.

अकराच्या सुमारास वाशिमहून पाहुणे आले. एसटीतून निवृत्त झालेले मेकॅनिक रामसिंग चव्हाण, त्यांची बायको मोतीबाई आणि मुलगा करण. मुलगा पुण्याला मोठ्या कंपनीत होता, असं मध्यस्थाने सांगितलं होतं. रेणूने खाली बघत चहा दिला. हेमलाबाईंनी सोफ्याचं कौतुक ऐकून घेतलं. जेवणात बासुंदी झाली. "रेणूनंच केली," असं त्यांनी तीनदा सांगितलं. उदयसिंग हसत होते. सगळं कसं सुरळीत चाललं होतं.

जेवणं आटोपून हेमलाबाई सुपारी कातरायला आत गेल्या आणि करणने पिशवीतून एक लालभडक बाटली काढली.

"गोव्याहून आणली, काका. पोर्ट म्हणतात. वाइनमंदी ब्रँडी घालून बनवतात. जेवल्यावर घोटभर घ्यायची असते."

"मी घेत नाई बावा," उदयसिंग म्हणाले.

"मीबी नाई घेत," रामसिंग म्हणाले. "पण पोट्ट्यानं हौसेनं आणली. चाखाले काय जाते?"

रेणूने कुणी न सांगताच दोन छोटे ग्लास आणून ठेवले. होणाऱ्या जावयाचा हात मागे लोटायचा कसा, म्हणून उदयसिंगांनी ओठ लावले.

आणि त्यांचे डोळेच मिटले. चहात चार चमचे साखर घेणारा माणूस तो. आधी जिभेवर मनुका आल्या, मग पिकलेली जांभळं, मग जुना गूळ आणि शेवटी छातीत एक मऊ ऊब. दारू कडू असते असं आयुष्यभर ऐकलं होतं. हा तर पाक होता! उदयसिंगांनी दुसरा घोट जरा मोठा घेतला. त्यांचे कान हळूहळू टोमॅटोसारखे झाले.

सुपारीची ताटली घेऊन हेमलाबाई बाहेर आल्या. त्यांना आधी कान दिसले, मग बाटली. तेवढ्यात रामसिंग म्हणाले, "पोरगी नोकरी सोडून राह्यली, हे बेस केलं तुमी."

"साफ खोटं हाये," उदयसिंग प्रसन्नपणे म्हणाले.

हेमलाबाईंनी सुपारीची ताटली घाईघाईने पाहुण्यांपुढे केली.

"ते नोकरी सोडणार नाई. काहून सोडावं? दोनशे पोरांतून नंबर काढला तिनं. अन ते बासुंदी तिनं नाई केली. शेजारच्या सुकेशनीनं केली."

"अन हा सोफा?" मोतीबाईंनी चाचपत विचारलं.

"तोबी सुकेशनीचाच. संध्याकाळी वापस द्यायचा हाये."

हेमलाबाईंना वाटलं, संपलं. तिसरंही गेलं. आणि अचानक रामसिंगांनी आपला रिकामा ग्लास खाली ठेवून कपाळावर हात मारला. त्यांचेही कान लाल झाले होते.

"मास्तर, तुमी खरे मर्द! आता माहं आयका. आमचा करण पुण्यात नाई. नोकरी सोडून साल झालं. शेलूबाजारच्या वावरात बकऱ्या पाळून राह्यला. साठ बकऱ्या!"

"अवो!" मोतीबाई किंचाळल्या.

"साठ नाई, चौसष्ट," रेणू म्हणाली. "मंगळवारी दोघी व्याल्या."

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

"तुले कसं माहीत?" हेमलाबाईंनी विचारलं.

"साऱ्याइले लस मीच टोचली, आई." रेणूने आता मान चांगली वर केली होती. "करण आठ महिन्यांपासून माह्या ओळखीचा हाये. मध्यस्थ आमीच धाडला. बकऱ्यावाला म्हणून सांगतलं असतं, तर तू त्याले दारातच उभं केलं असतं."

"अन हे बाटली?"

करणने घसा खाकरला. "रेणू म्हणे, आमचे बाबा दोन घोटांत खरं बोलतात. म्हटलं, आमचेबी तसेच हायेत. मंग एक बाटली पुरते."

उदयसिंगांनी लेकीकडे अशा अभिमानाने पाहिलं, जसं एखादं अवघड गणित तिने फळ्यावर तीन ओळींत सोडवलं असावं. "शाबास," एवढंच ते म्हणाले आणि त्यांचं डोकं रामसिंगांच्या खांद्यावर टेकलं. रामसिंग आधीच घोरत होते.

हेमलाबाईंनी मोतीबाईंकडे पाहिलं. मोतीबाईंनी हेमलाबाईंकडे पाहिलं. रागवायचं तर कुणावर? दोघीही सारख्याच खोटं बोलल्या होत्या. आधी मोतीबाईंना हसू फुटलं, मग हेमलाबाईंना. मग दोघी जमिनीवर ऐसपैस बसल्या आणि कॅलेंडर काढलं. तारीख, मंडप, जेवण, किती माणसं, कुणाला बोलवायचं आणि कुणाला मुद्दाम विसरायचं, सगळं अर्ध्या तासात ठरलं. रुसवेफुगवे नाहीत, मानपान नाही. नोकरी चालू राहणार आणि बकऱ्याही.

साडेचारला उदयसिंग जागे झाले. त्यांनी टोपी सरळ केली, रामसिंगांना कोपराने उठवलं आणि घरच्या कर्त्या माणसाच्या गंभीर आवाजात विचारलं, "हं, मंग? बोलणीले सुरुवात करायची काय?"

"झाली," हेमलाबाई म्हणाल्या. "अठरा फेब्रुवारी. तुमी दोघंबी हो म्हणले."