जावांची परीक्षा

महालिंगप्पा सरांच्या दारावर थाप मारली की आतून "कोण?" असं कधीच येत नाही. "टाइप सांगा!" असं येतं. सर शिकवतात त्या जावात म्हणे आधी वस्तूचा प्रकार सांगायचा आणि मग नाव, त्याशिवाय गाडी पुढं सरकत नाही. हा नियम सरांनी स्वतःच्या उंबऱ्यालाही लावलाय. त्यामुळं रोज सकाळी आमच्या गल्लीत "दूधवाला गफूर!" अशी आरोळी उठते. एकदा तो नुसतंच "गफूर" म्हणाला, तर अर्धा तास कॅन घेऊन बाहेर ताटकळला. मलाही "शेजारीण सुमन!" असं ओरडावं लागतं. सत्तरीला टेकलेल्या बाईनं! कुणी ऐकलं तर काय म्हणेल?

आमचं गाव वाशी. मुंबईजवळची नव्हे, धाराशिव जिल्ह्यातली. सर मूळचे उमरग्याकडचे, घरात कानडी बोलणारे. इथल्या कॉलेजात कॉम्प्युटरच्या लॅबवर नोकरीला होते आणि घरी पोरांना जावा शिकवायचे. ही जावा म्हणजे कॉम्प्युटरला हुकूम सोडायची भाषा. आज मला हे ठाऊक आहे. वीसेक वर्षांपूर्वी नव्हतं, आणि त्यावरून माझी जी शोभा झाली ती सांगायलाच हवी.

सरांनी तेव्हा दारावर पाटी लावायची ठरवली. कागदावर लिहून दिलं, "येथे जावाची परीक्षा घेतली जाईल." पेंटरला वाटलं, सर कानडी माणूस, मराठीत चुकले असतील. त्यानं आपल्या मनानं एक टिंब वाढवलं. पाटी झळकली, "येथे जावांची परीक्षा घेतली जाईल."

मला तेव्हा दोन जावा होत्या. मी स्वतःला घरातली एकमेव शहाणी बाई समजत होते. पाटी वाचली आणि हरखले. इरकल नेसून, डोक्यावर पदर घेऊन सरांसमोर बसले आणि दोघी जावांची अर्धा तास कागाळी केली. थोरली मीठ जास्त घालते, धाकटी माहेरी जास्त जाते, दोघींची परीक्षा घ्या, निकाल सासूबाईंना कळवा. काय ती माझी ऐट!

सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "वहिनी, तुमचे मालक आन् त्यांचे भाऊ एकाच बापाचे?"

"व्हय."

"म्हंजे वारसा त्यांचा. तुमी तिघी नुसत्या इम्पोर्ट केलेल्या. भांडताव कशाला?"

स्वयंपाकघरात सरांची बायको, आम्ही सगळे तिला अक्का म्हणायचो, इतकी हसली की तिच्या हातचं उलथनं खाली पडलं. मी तणतणत घरी आले. सर पेंटरवर तणतणत राहिले, "एक टिंब जास्त पडलं तर अख्खा प्रोग्राम बंद पडतोय आन् हा म्हनतोय चालतंय!"

"चालतंय" या शब्दाचा सरांना भयंकर राग. पोरगं म्हणालं, "सर, प्रोग्राम चालतोय," की सर कडाडतात, "चालतंय म्हनू नका, का चालतंय ते सांगा!" पर्यायांवर खुणा करायच्या परीक्षेला ते 'टिकमारी' म्हणतात. मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांचा तर विषयच काढू नये. त्यांच्या पेपरात प्रोग्राम हातानं कागदावर लिहायचा. उदाहरणं सगळी इथली. 'शेळी' हा क्लास, म्हणजे मूळ जात, त्यातून 'उस्मानाबादी शेळी'. 'दुभतं' हा करार, म्हणजे ज्याला लावाल त्यानं दूध द्यायलाच हवं, आणि हा करार बोकडाला लावला तर शून्य मार्क. "बोकड पिळताव का घरी?" असं भर वर्गात विचारतात. पोरीसुद्धा लाजायचं सोडून हसतात.

आता गेल्या महिन्यातला प्रकार सांगते. अजून आठवला की डोकं तडकतं.

माझी नात प्राजू सरांकडं शिकते. पुण्याच्या एका कंपनीत सरांचा जुना विद्यार्थी मोठ्या हुद्द्यावर आहे. सर ज्यांची नावं पाठवतील त्यांना तो मुलाखतीला बोलावतो. अट एकच, सरांच्या पेपरात पन्नासपैकी चाळीस हवेत. प्राजूला पडले एकोणचाळीस. एका मार्कानं! आणि त्याच संध्याकाळी नावं जाणार होती. पोरगी कोपऱ्यात बसून मुसमुसत होती.

"आज्जी, अकरावा प्रश्न माझा बरोबर हाय. मी घरी चालवूनबी बघितला."

"मग सरांना बोल की."

"बोलले. तर वरडले, का ते सांग. मी घाबरले आन् सगळं विसरले."

मी चपला घातल्या. पोरीचा दंड धरला आणि सरांचं दार ठोकलं.

"टाइप सांगा!"

"भांडखोर सुमन!" मी ओरडले.

दार उघडलं. मी आत घुसले आणि बोलत सुटले. एका मार्कापायी लेकराचं नशीब अडवताव? माणूस हाव का मशीन? सर बधले नाहीत. "वहिनी, मार्क भाजीवरची कोथिंबीर न्हाय, वरून टाकायला."

"मला प्रश्न काय ते सांगा."

"तुमाला काय कळनार?"

"मी चौतीस वर्षं शाळेत शिकवलंय!" हे मी छाती काढून म्हणाले. शिकवलं म्हणजे काय, तर पुस्तकातल्या उत्तरात स्वल्पविराम इकडचा तिकडं झाला तरी पोरांचे मार्क कापले. सरांहून मी काही कमी खाष्ट नव्हते. फक्त सर कारण विचारतात, मी तेही विचारलं नाही. पण हे त्यांना कशाला सांगू?

सरांनी प्रश्न वाचला. दोन डब्यांत एकशे सत्तावीस हाच आकडा ठेवलाय, तर दोन्ही डबे एकच वस्तू दाखवतात का? "माझं उत्तर, न्हाय. आकडा सारखा असला तरी वस्तू दोन. तुमच्या घरी दोन तांबे सारखे असले म्हनून ते एकच होतात का?"

मला पटलं. वर माझा राग वाढला, कारण पटलं.

तेवढ्यात प्राजू माझ्या पाठीमागून बोलली. माझा पदर मुठीत धरलेला, पण बोलली. "सर, लहान आकडे जावा आधीच करून ठेवती. एकशे सत्तावीसपर्यंतचे. दोघांनी मागितला तर दोघांच्या हातात त्योच देती. एकशे अठ्ठावीसपासून पुढं प्रत्येकाला नवीन. म्हनून इथं एकच वस्तू."

मी म्हणाले, "म्हंजे पाहुण्यांना एकच तांब्या आळीपाळीनं. बारक्या घरात तसंच असतंय."

सरांनी पेपर उचलला, चष्मा वर सरकवला, खिडकीशी नेला. मग हळूच म्हणाले, "मला एकशे अठ्ठावीस लिहायचं व्हतं."

आणि ते वळले. आमच्याकडं नाही, स्वयंपाकघराच्या दाराकडं. पेपर तसाच पुढं धरून कानडीत म्हणाले, "नोडु, तप्पाग्यद." बघ, चूक झालीय.

स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. अक्काला जाऊन दोन वर्षं झाली.

सरांच्या लक्षात आलं तेव्हा ते खाली बघायला लागले. "प्रत्येक पेपर पोरांच्या आधी ती शिसपेन्सिलीनं सोडवायची," ते म्हणाले. "सातवी शिकलेली बाई. माझ्याकडूनच शिकली आन् माझ्याच चुका धरायची. आता पेपर काढतो आन् तसाच देतो."

त्यांनी लाल पेनानं एकोणचाळीसचे चाळीस केले आणि प्राजूला म्हणाले, "हे मी दिले न्हाईत. तुझेच व्हते." पुण्याला फोनही आमच्यासमोरच लावला.

भांडायला आणलेली माझी निम्मी वाक्यं शिल्लक होती. ती मी गुंडाळून ठेवली.

"सर," मी म्हणाले, "पुढचा पेपर काढलाय का?"

"काढलाय."

"इकडं द्या. मला काय कळायचं न्हाय, पण एकेक ओळ वाचून तुमाला विचारत बसंन."

सरांनी कपाटातून कागद काढले. मग आत गेले, एक शिसपेन्सिल शोधून आणली, बराच वेळ तिला टोक करत उभे राहिले आणि माझ्या हातात दिली.