नागावच्या सतरा ऑर्डरी

जाहिरात बघून माणूस वस्तू घेतो, यावर माझा काडीचा विश्वास नाही. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेत आवक-जावकच्या टेबलावर काढली. आलेलं प्रत्येक पाकीट मी आधी उजेडात धरायचो, मगच फोडायचो. (कुमुद म्हणते, मुलगी बघायला आलो तेव्हा तिच्याकडेही मी तसंच बघत होतो.) त्यामुळे आमचे जावई देवव्रत म्हणाले की त्यांची कंपनी फोनवर जाहिराती दाखवून मशीनं विकते, तेव्हा मी हातातली खोबऱ्याची वडी खाली ठेवली.

"फोनवरची जाहिरात? अहो, ती तर लोक अंगठ्याने वर ढकलतात!"

"आमच्या मॅडमनाही तेच वाटतं, बाबा," देवव्रत म्हणाले.

पुढचं गौरीने, म्हणजे आमच्या मुलीने सांगितलं. कंपनी मोठी. (नाव सांगत नाही, जावयाची नोकरी आहे.) तिथे रुचिका मॅडम म्हणून नवीन साहेब आल्यात. फोनवरच्या जाहिरातींचा एवढा खर्च समुद्रात जातो, असा त्यांना दाट संशय. म्हणून एक महिना परीक्षा घ्यायची. नारळ खवायचं विजेचं मशीन, आणि आपला अलिबाग तालुका. टीव्ही नाही, पेपर नाही, रस्त्यावर बोर्ड नाही. फक्त फोन. मशीनं खपली तर देवव्रतांचं जाहिरातीचं खातं राहणार, नाहीतर बंद.

"इराला आत्ताच शाळेत घातलंय, बाबा," गौरी म्हणाली. इरा म्हणजे आमची नात.

त्यांची गाडी पनवेलला परत गेली आणि मी ठरवलं, आपण जरा हातभार लावायचा. जरासाच.

आधी मी माझ्या फोनवरची ती जाहिरात दाबली. दोनदा दाबली. त्यानंतर ती माझ्या मागेच लागली. पंचांग उघडलं, मशीन. हवामान उघडलं, मशीन. इकडे कुमुद विळीवर खोबरं खवायला बसली की तिकडे फोनवर मशीन हजर! मी फोन तांदळाच्या डब्यात ठेवला.

"याला कान आहेत," मी कुजबुजलो.

"त्याला आहेत, तुम्हाला नाहीत. कधीची सांगतेय, वाडीतला पंप बंद करा!"

पंप बंद करताना मला सुचलं. फोन कितीही ओरडला तरी तो यंत्र. माणसाला पटवायला माणूसच लागतो. गावात माझ्या शब्दाला मान आहे. जावयाचा उल्लेख करायचा नाही (नाहीतर लोकांना संशय येतो), आणि सहज बोलता बोलता मशीनची तारीफ करायची.

पहिल्या आमच्या शेजारच्या नीराबाई.

"नीराबाई, ते नारळ खवायचं मशीन फोनवर बघितलंत? फार चांगलं आहे हो."

त्या सुपारी सोलत होत्या. हात तसाच थांबला. "तात्या, तुमी म्हणता चांगलं हाय?"

"उत्तम आहे."

"बरं झालं सांगितलंत," म्हणाल्या आणि लगबगीने आत गेल्या. नक्की ऑर्डर टाकायलाच!

होमस्टेवाला स्वप्निल गाडी धूत होता. त्याने तर नळ बंद करून विचारलं, "तात्या, खरंच चांगलं म्हणताय?" शब्दाला वजन असलं की असं होतं. बारा दिवसांत मी पाखाडीच्या रस्त्याने सगळं गाव पालथं घातलं. फक्त दोन घरं सोडली. त्यांच्याकडे कुत्री आहेत.

तेराव्या दिवशी देवव्रतांचा फोन आला. आवाज पार बसलेला.

"बाबा, घात झाला. पहिल्या आठवड्यात एकट्या नागावातून एकोणीस ऑर्डरी होत्या. त्यातल्या सतरा रद्द झाल्या! बाकी तालुका ठीक आहे, किहीमला तर उत्तम खप आहे. पण नागाव माझी सासुरवाडी ना? मॅडम म्हणतात, मीच नातेवाइकांकडून खोट्या ऑर्डरी टाकून घेतल्या आणि मग रद्द केल्या. उद्या त्या स्वतः येतायत. खातं राहू दे, उद्या माझीच नोकरी जाईल."

मी फोन ठेवला. पण सतरा लोक असे उलटले कसे? मला लगेच संशय आला, यात दुसऱ्या कंपनीचा हात असणार.

रुचिका मॅडम आल्या. माझ्याच जातीच्या निघाल्या. कुमुदने कोकम सरबत दिलं, तर त्यांनी पेला आधी उजेडात धरला. देवव्रत पांढरेफटक पडून मागे उभे. आम्ही सगळे नीराबाईंच्या अंगणात गेलो.

"आजी, मशीनची ऑर्डर तुम्हाला कोणी टाकायला सांगितली?"

"कोन सांगेल? फोनवर दिसलं, आवडलं. या वयात विळीवर बसायला गुडघे न्हाय ऱ्हायले. सूनबाईनं टाकली."

"आणि रद्द कोणी करायला लावली?"

नीराबाईंनी थेट माझ्याकडे बोट दाखवलं.

"मी? अहो, मी तर चांगलं म्हणालो!"

"म्हनून तर!" नीराबाई मॅडमकडे वळल्या. "बाय, या मानसानं जल्मात दोनच गोष्टींना चांगलं म्हटलंय. एक आमच्या वाडीचा पंप, आन् दुसरा आमचा थोरला जावई. पंप आठ दिसांत जळला, आन् जावई अजून आमच्याच घरात बसलाय. तात्या चांगलं म्हनाले की आख्खं गाव घाबरतं!"

मागून स्वप्निल म्हणाला, "मी तर त्याच रात्री रद्द केली."

मॅडमनी सगळ्या घरी विचारलं. सगळीकडे तेच. फोनवर बघून घेतलं, तात्यांचं ऐकून सोडलं. मॅडमनी आपल्या यादीवर बोट ठेवलं. "आणि या दोन घरांनी ऑर्डर का ठेवली?"

"तिथे कुत्री आहेत," मी पुटपुटलो.

त्यावर मॅडम पहिल्यांदा हसल्या. अशा हसल्या की इतका वेळ हसू दाबून उभी असलेली कुमुदही पदराने डोळे पुसू लागली. "देवव्रत, जाहिरात चालते. तुमचं खातं राहील. फक्त या सतरा ऑर्डरी परत आल्या पाहिजेत."

देवव्रतांनी वाकून नमस्कार केला. मला नाही, नीराबाईंना.

मी रागाने घरी आलो. आता गावात तोंड उघडायचं नाही, ठरवलं! चौथ्या दिवशी पार्सल आलं. आत नारळ खवायचं मशीन, पण भलत्याच कंपनीचं. चुकून आलं असणार, म्हणून मी देवव्रतांना फोन लावला.

"चुकून नाही, बाबा," ते चाचरत म्हणाले. "ते आमच्याशी टक्कर देणाऱ्या कंपनीचं आहे. मॅडमनी विचारलंय, तुम्ही दोन दिवस गावात त्याची तारीफ कराल का?"

मी तत्त्वाचा माणूस. साफ नकार दिला. मग कुमुदने फोन घेतला, गौरीशी बोलली, ठेवला आणि माझ्याकडे नुसतं बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते मशीन घेऊन नीराबाईंच्या अंगणात उभा राहिलो. "नीराबाई, हे दुसरं मशीन मात्र फार म्हणजे फारच—"

पुढचं बोलू दिलंच नाही. नीराबाईंनी आत तोंड करून सुनेला हाक मारली, "काशी, फोन घे गो! ती आपली आधीची ऑर्डर परत टाक!"