वाघासमोरचं सादरीकरण

एका जंगलात एक वाघ होता. जंगल म्हटलं की वाघ आलाच, त्यात माझा काही दोष नाही. पण या वाघाला स्लाइड बघायची भारी हौस. त्याच्या गुहेत एक पांढरा गुळगुळीत कातळ होता. काजव्यांच्या उजेडापुढे पिंपळाचं जाळीदार पान धरलं, की पानावर काढलेलं चित्र त्या कातळावर उमटायचं.

वाघानं जंगलात दवंडी पिटवली होती. "यापुढे तोंडी तक्रार ऐकली जाणार नाही. ज्याला काही सांगायचं असेल त्यानं रीतसर सादरीकरण करावं."

हसू नका, मुलांनो. तुमच्या आईबाबांच्या ऑफिसात याहून वेगळं काही चालत नाही.

त्या उन्हाळ्यात जंगलात एकच पाणवठा उरला. वाघ तिथे दबा धरून बसायचा आणि पाण्यावर आलेली पाडसं उचलायचा. हरणांचा कळप हवालदिल झाला. शेवटी रेवा नावाची हरिणी म्हणाली, मी जाते. तिचंही एक पाडस होतं, गोटू. त्याला नजरेआड करायचं म्हटलं तरी तिचा जीव वरखाली व्हायचा.

तिनं एकच पान तयार केलं. त्यावर लिहिलं, 'महाराज, पाऊस पडेपर्यंत पाडसांना मारू नका.'

ते घेऊन ती लांबशेपटे सरांकडे गेली. लांबशेपटे म्हणजे वानर. पूर्वी ते झाडाच्या शेंड्यावर बसायचे. वाघ दिसला की ओरडायचे आणि हरणं पळून जायची. पण त्या कामाला मान नव्हता. आता ते सादरीकरणाचे सल्लागार झाले होते.

पान बघून सरांनी तोंड वाकडं केलं.

"रेवाताई, हे काय? नुसता मजकूर!"

"पण सर, मला एवढंच सांगायचंय."

"सांगायचं नसतं, दाखवायचं असतं. आणि 'मारू नका' काय? ऐकणारा नाराज होतो अशानं. चांगलं काहीतरी दाखवा. गुटगुटीत, हसरी पाडसं काढा. तुमच्या गोटूला शेवटी घ्या. आपल्या घरचं उदाहरण दिलं की समोरचा विरघळतो."

रेवानं पाडसं काढली. मग कळप कुठे चरतो त्याचा नकाशा काढला, कारण सर म्हणाले नकाशाशिवाय वजन येत नाही. मग कोण कुठल्या वेळी पाण्यावर येतं त्याचा तक्ता. जागा कमी पडली की सर म्हणायचे, "शब्द कमी करा." रेवा आपल्या विनंतीतला एखादा शब्द खोडायची. शेवटी 'महाराज' तेवढं उरलं. ते सरांनी मोठ्या अक्षरांत घ्यायला लावलं.

"आणि विनंती?" रेवानं विचारलं.

"ती शेवटी तोंडानं करा. स्लाइड कधी वाचून दाखवू नये."

सादरीकरणाच्या दिवशी रेवा पानं घेऊन गुहेत गेली. सरांनी शिकवल्याप्रमाणे ती वाघाच्या डोळ्यांत डोळे घालून बोलली. तुम्ही हरीण असतात तर त्याला किती धीर लागतो ते तुम्हाला कळलं असतं.

पहिलं पाडस दिसताच वाघ सरसावून बसला. दुसऱ्याला त्यानं ओठांवरून जीभ फिरवली. मागे उभ्या असलेल्या सरांनी खूण केली, झकास चाललंय.

"तो नकाशा परत दाखव," वाघ म्हणाला.

रेवानं दाखवला. तिला भरून आलं. हरणांच्या बोलण्याकडे आजवर कुणी इतकं लक्ष दिलं नव्हतं.

"आणि हा शेवटचा? हा कुठे असतो?"

"हा माझा गोटू, महाराज. करवंदीच्या जाळीमागे ठेवून आलेय. म्हणूनच माझी विनंती आहे की..."

"बास! आणखी काही सांगू नकोस. मला पटलं." वाघ उठला. "आजच अंमलबजावणी करतो."

वाघ गुहेबाहेर पडला. सरांनी टाळ्या वाजवल्या. रेवाही हसली. मग वाघ कुठल्या बाजूला गेला ते तिनं पाहिलं आणि ती धावत सुटली.

करवंदीच्या जाळीमागे कुणी नव्हतं. गोटू बसला होता तेवढं गवत दबलेलं होतं आणि अजून उबदार होतं. रेवा तिथेच बसली आणि मोठ्यानं रडली. मलाही हे सांगताना बरं वाटत नाही, मुलांनो.

सर धापा टाकत मागून आले. थोडा वेळ मान खाली घालून उभे राहिले, तेवढी रीत त्यांना होती.

"फार वाईट झालं, रेवाताई. पण खरं सांगू? महाराजांनी इतका झटपट निर्णय घेतलेला मी कधी पाहिला नाही."

"मला फक्त 'मारू नका' म्हणायचं होतं हो," रेवा म्हणाली.

"ते नंतर कधीतरी बघू." सर जरा घुटमळले. "पुढच्या आठवड्यात सशांचं सादरीकरण आहे. तुमची पानं नमुना म्हणून दाखवली तर चालेल ना?"

तात्पर्य, सगळ्यांनी मोठ्यानं म्हणा : श्रोत्याला काय हवं आहे ते ओळखून सादरीकरण करावं. आपल्याला काय हवं होतं त्याचा विषय मध्येच काढला, की श्रोत्याचा उगाच हिरमोड होतो.