परतीचा बाण

रकानने आराखड्यातला शेवटचा बाण जोडला आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. अम्मानमधली त्याची कंपनी दुखवट्याची सगळी व्यवस्था पाहायची. आजवर फोनाफोनीवर चालणारं काम आता आपोआप होणार होतं. मृताचं नाव भरलं, की इथला संगणक वर्तमानपत्राच्या, मंडपवाल्याच्या आणि कॉफीवाल्याच्या संगणकाला हाक मारणार आणि नातलगांनाही निरोप धाडणार.

चाचणीसाठी एक नाव हवं होतं. रकानने नझमिया आत्याचं घातलं. आईमागे तिनेच त्याला वाढवलं होतं, त्यामुळे नातलगांचे नंबर फोनमध्ये तयारच होते. आत्याचं तोंड पाहून आठ महिने झालेत, हे त्याला आठवलं नाही. खोट्या पत्त्यांच्या जागी खरे पत्ते जोडलेत, हेही आठवलं नाही.

वीस मिनिटांत मंडपवाल्याचा फोन आला. "साहेब, साठ खुर्च्या पोचल्या. गल्ली भलतीच चढाची हो बाईंची! माणसं घामाघूम झाली."

"अहो, उचला त्या! आत्या जिवंत आहे माझी!"

"असेल बापडी. पण आमच्याकडे ती गेल्याचा हुकूम आलाय. न गेल्याचा धाडा, उचलतो."

तो हुकूम धाडणारा बाण रकानने आराखड्यात आखलाच नव्हता. गेलेलं माणूस परत येत नाही, मग परतीचा बाण कशाला, असा शहाणपणा त्याने केला होता.

गाड्यांच्या गर्दीतून वाट काढत तो दोन तासांनी धापा टाकत पोचला, तर गल्लीत मंडप उभा. झर्का, इर्बिद, अशा कुठल्या कुठल्या शहरांतून मंडळी आलेली. मधोमध आत्या बसलेली आणि तिच्या गळ्यात पडून तिची धाकटी बहीण फौजिया हमसून हमसून रडत होती.

"आत्या, चूक माझी झाली. मी..."

"कळलं रे. हिचं रडून होऊ दे आधी. दोन वर्षांनी आलीय."

चुलतभाऊ इमाद मोठ्यांदा म्हणाला, "वा रे पठ्ठ्या! मारलंस तू, आणि येतोस सगळ्यांच्या शेवटी?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं रकानला झालं. आत्याने कॉफीचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"कडू का ही?"

"दुखवट्याची कडूच असते, आत्या," इमाद म्हणाला.

"मग साखर आणा. आहे मी अजून."

हसण्यात मंडप बुडाला. रकान तेवढा मान खाली घालून उभा होता.

"आजच दुरुस्त करतो, आत्या. पुन्हा असं कधीच होणार नाही. शप्पथ!"

आत्याचा चेहरा उतरला. भरलेल्या खुर्च्यांवरून तिने एकदा नजर फिरवली आणि त्याला जवळ ओढून हळूच म्हणाली, "कधीच नको म्हणूस रे. वर्षातून एकदा मारत जा मला. फक्त ईदच्या आसपास नको, तेव्हा फोन तरी येतात."